पहिलं सिझर, दुसरं नॉर्मल : माझा अनुभव

माझी मोठी लेक जून 2019 मध्ये सांगलीला झाली, माहेरी. पायाळू होती, शेवटच्या सोनोग्राफीतही डोकं वरच, म्हणून तारीख ठरवून सिझर झालं. कळा म्हणजे काय ते मला कळलंच नाही. कळलं ते नंतरचं, खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची, कुशीवर वळायचं तर पलंगाचा कठडा धरून आणि बाळ रडलं की दुसऱ्या कुणीतरी उचलून हातात द्यायचं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आम्ही पुण्यात होतो. नॉर्मलच हवं असं मला वाटायचं त्याचं कारण अगदी साधं होतं. लेक सव्वातीन-साडेतीनची होणार, दिवसातून दहा वेळा "आई, उचल" म्हणणार, आणि टाके ओले असताना मी तिला काय सांगू. बाकी ते नॉर्मल झालेलीच खरी बाई वगैरे बोलणाऱ्यांना मी लांबूनच नमस्कार करते. घरच्यांचं वेगळंच. सासूबाई म्हणाल्या एकदा सिझर झालं की पुढचं सिझरच, कळांनी टाका उसवतो, आणि ऑपरेशनच करायचंय तर मुहूर्त बघून करू. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या वयाच्या निम्म्या बायकांचं सिझरच झालंय. 2019-21 च्या सरकारी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही खाजगी दवाखान्यातल्या शंभरातल्या 47 बाळंतपणांत सिझरच आहे.

पुण्यातल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारले. पहिलं सिझर कशासाठी झालं? आणि गर्भपिशवीवरचा छेद कसा घेतला होता? पहिल्याचं उत्तर सोपं होतं, पायाळू. त्या म्हणाल्या हे बरंय, दरवेळी बाळ पायाळू असेलच असं नाही, कळा येऊनही बाळ खाली सरकलं नाही म्हणून सिझर झालं असतं तर चान्स थोडा कमी धरला असता. दुसऱ्यासाठी मी आपला ड्रेस बाजूला करून आडवा टाका दाखवायला लागले तर त्या हसल्याच. बाहेरचा टाका बघून आतलं कळत नाही म्हणे, कातडीवर आडवा आणि आत पिशवीवर उभा असंही असू शकतं, आणि आत वरच्या भागात उभा छेद असेल तर कळांची वाटच बघायची नाही, सरळ सिझर. ऑपरेशनची नोट आणा म्हणाल्या.

आता ही नोट. माझ्याकडे डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर सिझेरियन, मुलगी, 2.8 किलो आणि गोळ्यांची नावं, बस. तो मे महिना होता, लेक पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होणार, आणि डॉक्टरांनी इनडोअर पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं असा नियम आहे. म्हणजे आम्ही अगदी काठावर. मागितल्यावर 72 तासांत द्यायचंही नियमात आहे पण दादांनी (माझे वडील) तीन खेपा घातल्या, एकदा चावीवाला रजेवर, एकदा सर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), आणि तिसऱ्यांदा दादा डबा घेऊनच जाऊन बसले तेव्हा फाईल निघाली. फोटो पाठवला तो तिरका, त्यात त्यांचा अंगठा. पण वाचता येत होतं, लोअर सेगमेंट (म्हणजे पिशवीचा खालचा भाग), आडवा छेद, दोन थरांत टाके, छेद कुठे फाटला नाही. मॅडमनी तो फोटो मोठा करून दोनदा वाचला आणि मग म्हणाल्या, चला, ट्राय करू.

ट्राय हाच शब्द त्यांनी शेवटपर्यंत वापरला. शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींना जमतं, बाकीच्यांचं मधूनच सिझर होतं, आणि ते आधी ठरवून केलेल्यापेक्षा जास्त त्रासाचं. टाका उसवण्याची भीती साधारण दोनशेत एक, पण तो एक झाला तर मिनिटांचा खेळ, म्हणून ओटी, भूलतज्ज्ञ आणि रक्त तयार असेल तिथेच. वार (प्लासेंटा) जुन्या टाक्यावर तर बसली नाही ना ते सोनोग्राफीत बघितलं, वर होती. हे सगळं त्यांनी नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोर सांगितलं ते फार बरं झालं, नाहीतर घरी येऊन मला कोण विचारतंय.

डिसेंबरमध्ये, 39 आठवडे आणि चार दिवस झालेले, रात्री दोनला कळा सुरू झाल्या. त्याआधी आठवडाभर खोट्या कळांनी दोनदा बॅग उचलायला लावली होती म्हणून मी तासभर कुणाला उठवलंच नाही, जे करायला नको होतं, कारण कळा लागल्या की लगेच या असं मला बजावून सांगितलेलं. पोचलो तेव्हा पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर. पोटावर दोन पट्टे बांधले, एक कळांचा, एक बाळाच्या ठोक्यांचा, ते शेवटपर्यंत काढले नाहीत, कारण आत काही बिघडलं तर बहुतेक वेळा आधी ठोकेच सांगतात. हातात सुई, रक्ताचा नमुना गेला, कन्सेंटवर सह्या. सहा सेंटिमीटरला गाडी अडकली ती तीन तास. मॅडमनी पाणमोट फोडली आणि मग कळा वाढवायचं औषध अगदी थेंबथेंब लावलं, त्याने टाक्यावर ताण वाढतो म्हणून जपून, आणि त्या स्वतः तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

आणि मग ते झालं. एकशे चाळीसच्या आसपास चाललेले ठोके एकदम पंच्याण्णव दिसायला लागले. सिस्टर पळत आल्या, मला डाव्या कुशीवर वळवलं, औषध बंद केलं, कुणीतरी ओटीला फोन लावला. मी नवऱ्याचं मनगट इतकं आवळलं की दुसऱ्या दिवशीही नखांचे वण होते. मॅडमनी पट्टा सरकवून बघितला, माझी नाडी धरली, परत पट्टा सरकवला. पट्टा घसरून मशीन माझेच ठोके मोजत होतं. बाळाचे एकशे अडतीस. आता लिहिताना हसू येतं, तेव्हा घशाला कोरड पडली होती.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. दवाखान्यातल्या मावशी कमरेवर तळहात दाबत होत्या आणि "ओरडू नको गं, जोर खाली लाव, खाली" एवढंच म्हणत होत्या, आणि मी ओरडतच होते. दुपारी दोनच्या सुमारास मुलगा झाला, 3.1 किलो. खाली टाके पडलेच, आणि ते दुखत नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पहिले चार दिवस मी तिरकी बसत होते. पण संध्याकाळी मी स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेले आणि येताना पाळण्यातून बाळ स्वतः उचललं.

तिसऱ्या दिवशी घरी आले. लेक दारातच हात वर करून उभी. मी आधी बसले आणि मग तिला मांडीवर घेतलं, मॅडमनी लगेच वजन उचलू नको म्हणून सांगितलेलं.

बाराव्या दिवशी पाजताना वाकून वाकून माझ्या पाठीत उसण भरली. आत्या आल्या होत्या, त्यांना आठवलं की घरात पायाळू आहे, आणि पायाळूने लाथ मारली की उसण जाते म्हणतात. सासूबाई म्हणाल्या पोटातून काढलेली पायाळू धरत नाहीत, आत्या म्हणाल्या आत असताना तर होती ना, दोघींचा त्यावर चहा संपेपर्यंत वाद. शेवटी लेकीला बोलावून माझ्या पाठीला हळूच तीन लाथा मारायला लावल्या. उसण काही गेली नाही, गरम पाण्याच्या पिशवीने गेली, पण लेक अजून रोज सकाळी विचारते, आई आज पाठ दुखते का?