नाव न विचारणारं गाव

गोथेनबर्गमधला हा माझा तिसरा हिवाळा. खालच्या मजल्यावरच्या आजींनी आमच्या गल्लीतल्या रस्त्याच्या कंत्राटाचा कागद महापालिकेकडून ईमेलनं मागवला. आला. तुम्ही कोण, कशाला हवाय, कुणी विचारलं नाही. सरकारी कागद लोकांना खुले, हा कायदा स्वीडनमध्ये १७६६ चा. आणि आता तर मागणाऱ्याचं नाव किंवा कारण अधिकाऱ्यानं सहसा विचारायचंच नाही.

मला आमचं कर्नाटकातलं, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं घर आठवलं. बाबा गेल्यावर उताऱ्यावर आईचं नाव चढवायचं होतं. आप्पांना, म्हणजे काकांना, मराठी वाचता येतं, कन्नड नाही. कचेरीची नोटीस एजंट वाचून सांगणार, अर्ज तोच लिहिणार आणि ‘वर द्यावं लागतंय’ हेही तोच सांगणार. वर किती पोचलं आणि त्याच्या खिशात किती राहिलं, देवाला ठाऊक. दोनदा दिले. नाव काही चढलं नाही.

मग आप्पांच्या धाकट्यानं माहिती अधिकारात अर्ज टाकला. २००५ च्या या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे आमच्याकडे मराठी बसत नाही. कर्नाटकच्या नियमानं विषय एकच आणि शब्द साधारण १५०. कन्नडसक्तीच्या विरोधात मोर्च्यात घसा फोडलेल्या या पोरानं ते १५० शब्द स्वच्छ कन्नडमध्ये लिहिले. शाळेत शिकलेलं असं कामाला आलं. (मोर्चाला तो अजूनही जातो. मला त्यात काही विसंगत वाटत नाही.) दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली. विचारलं एवढंच: आमचा अर्ज कोणत्या तारखेला कुणाच्या टेबलावर होता? उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर यायच्या आधीच उताऱ्यावर नाव चढलं.

पण त्याच आठवड्यात बाजारात आप्पांना कुणीतरी थांबवलं. “पोरगं लई शिकलंय की तुमचं! पुढं कामं असतात बघा कचेरीत.” माहिती कशाला हवी, हे आपल्याही कायद्यात विचारता येत नाही. पण उत्तर पाठवायला नाव-पत्ता लागतोच, आणि गावात पत्ता म्हणजे अख्खं खानदान. आप्पा दोन दिवस पोराशी बोलले नाहीत. तरुणांनी भ्रष्टाचाराविरुद्ध उभं राहावं, असं भाषणात म्हणणाऱ्यांच्या बापांना बाजारात कुणी गाठलेलं नसतं. मी तरी इथं बसून कुठलं धाडस करते? आजींसारखा ईमेल टाकायला काय लागतं!

पोरगा थांबला नाही. उद्योग खात्रीचं, म्हणजे रोजगार हमीचं, हजेरीपत्रक ऑनलाइन कुणालाही बघता येतं. त्यानं ते बघितलं, तर मडगावच्या हॉटेलात राबणारा आमचा शेजारी गावच्या नाल्यावर माती उपसताना हजर! कामाचे कागद मागायचे ठरले, तेव्हा मात्र आईनंच अट घातली: एकट्यानं नाही.

परवा फोनवर आप्पा सांगत होते. गावातल्या सात पोरापोरींनी सात वेगळे अर्ज टाकलेत, प्रश्न सगळ्यांचा एकच. त्यात दोघी कॉलेजच्या पोरी आहेत. बाकीच्यांचं कन्नड त्याच तपासून देतात.

“आणि बाजारात?” मी विचारलं.

आप्पा हसले. “आता कुणाकुणाच्या बापाला गाठतात, बघूया की.”