सेल्फ घेते की नाही?

मे महिन्यात कव्हर घालून पडवीशेजारी उभी केलेली गाडी एकदम गणपतीलाच आठवते. पाहुणे स्टेशनवर उतरलेले असतात, आणि इकडे चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे मलूल होऊन विझतात. मग घरातला प्रत्येक जण जाणकार होतो. कोणी म्हणतं धक्का मारा, कोणी म्हणतं पेट्रोल शिळं झालं. गॅरेजला फोन लावला की पलीकडून एकच प्रश्न येतो: सेल्फ घेते की नाही?

म्हणजे चावी फिरवल्यावर स्टार्टर मोटर इंजिन फिरवते की नाही. इथेच वाटा फुटतात. सेल्फ घेत नसेल तर भानगड बॅटरी, केबल किंवा स्टार्टरची. सेल्फ घेते पण गाडी उचलत नाही, म्हणजे इंजिन फिरतं पण सुरू होत नाही, तर पेट्रोल, ठिणगीचा करंट किंवा हवा. हे न विचारता ठिणगी पाडणारे प्लग बदलत बसणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून बादली बदलणं.

आवाज नीट ऐकावा. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरली आहे: स्टार्टरचा चुंबकी स्विच, म्हणजे सोलेनॉइड, ओढला जातो, तेवढ्यात व्होल्टेज पडतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. एकच जाड ‘टक्’ आणि शांतता, तर स्टार्टर अडकलाय किंवा अर्थची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून गाडीच्या लोखंडाला जाणारी, केबल गंजलीय. काहीच आवाज नाही, तर आधी बॅटरीची टर्मिनल, म्हणजे केबल जोडायची टोकं, बघा. पावसाळ्यात त्यांवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड चढते. खाण्याचा सोडा घातलेलं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका.

बॅटरी उतरते कशी, हा हिशेब करण्यासारखा आहे. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर मिळून ३० मिलिअँपिअरच्या आसपास करंट पितात. म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची नवी, पूर्ण भरलेली बॅटरीही यात ४८ दिवसांत रिकामी, आणि मे ते गणपती म्हणजे तीन महिने तरी झाले. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आशा सोडा. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीत दम नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावायचीच झाली तर लाल लालला, काळीचं एक टोक दुसऱ्या गाडीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीवर नको, तिथे हायड्रोजन वायू असू शकतो आणि ठिणगी तर पडणारच.

धक्का स्टार्टचं प्रेम जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांपासून उरलेलं आहे. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी ठार मेली असेल तर पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद, मग चार माणसांचा घाम फुकट.

आता दुसरी वाट, म्हणजे सेल्फ घेते पण उचलत नाही. चावी ऑनवर ठेवून मागच्या सीटखाली कान द्या. पंपाचा दोनेक सेकंद ‘हूंऽऽ’ आवाज यायला हवा. आला नाही तर आधी फ्यूज, मग रिले. आणि त्याच्याही आधी उंदीर. बंद गाडीचं बोनेट म्हणजे त्यांना कोरडं, ऊबदार बिऱ्हाड. वायरी कुरतडतात, एअर फिल्टरमध्ये चिंध्या भरून बाळंतपण उरकतात. फिल्टरचा डबा उघडून पाहिल्याशिवाय सेल्फ मारू नये.

मग एक प्लग काढून पाहा. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी मिळत नाही. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. फार वेळा सेल्फ मारून इंजिन ‘फ्लड’ झालं, म्हणजे आत पेट्रोल फार साचलं, असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत तेव्हा पेट्रोल तोडलं जातं. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टरच जळेल.

शिळ्या पेट्रोलचं म्हणणं अगदीच खोटं नाही. त्यातला चटकन पेटणारा अंश उडून जातो. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं; फार झालं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप ओढतो ते नेमकं तिथूनच. टाकी अर्धी ठेवली की वरच्या हवेत ओलावा, म्हणून उभी करतानाच काठोकाठ भरावी. वार्निशसारखा वास आला तर वर ताजं पेट्रोल ओतत बसू नका, जुनं काढूनच टाका.

गाडी सुरू झाली की लगेच गिअर टाकायची घाई होते. तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत थांबा. नंतर गाडी हलेना, तर इंजिनाला शिव्या देऊ नका: हँडब्रेक ओढून ठेवलेला असतो आणि मागचे ब्रेक-शू ड्रमला गंजून चिकटलेले असतात. हँडब्रेक सोडून हलकेच पुढे-मागे करा, ‘ठप्’ असा आवाज आला की सुटले.