कळलावीला कळलावी का म्हणतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. पावसाळ्यात रानफुलं दाखवायला लोकांबरोबर हिंडते, तेव्हा करवंदीच्या जाळीवर चढलेली कळलावी दिसली की फोटो काढून होण्याआधीच प्रश्न येतो: एवढ्या देखण्या फुलाला असलं नाव का? आणि पाठोपाठ दुसरा: घरात नेलं तर खरंच भांडणं लागतात का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. नाही लागत. पहिल्याला मात्र वेळ द्यावा लागतो.

कळ म्हणजे दुखणं. पोटात कळ येते, बाळंतपणात कळा येतात. आणि कळ म्हणजे भांडणही. इकडचं तिकडे सांगून कळ लावतो तो कळलाव्या. नारदमुनींना तर हे विशेषण कायमचं चिकटलं आहे. म्हणून कळलावी म्हटलं की आज बहुतेकांच्या मनात भांडणच येतं. पण सुईणी आणि वैदू हे झाड वापरत होते ते कळा आणण्यासाठी. बाई अडली की कंद उगाळून त्याचा लेप बेंबीवर, ओटीपोटावर लावायचे, कुठे तळपायांना. कळा लावते ती कळलावी.

हा अर्थ फक्त आपल्याकडचा नाही. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात या झाडाची संस्कृत नावं एका ओळीत दिली आहेत, त्यात ‘गर्भनुत्’ आहे, म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी. ‘विशल्या’ आहे, रुतलेलं शल्य काढणारी. पण त्याच यादीत ‘कलिहारी’ही आहे, आणि कलि म्हणजे भांडण. तेव्हा भांडणाचा अर्थ लोकांनी अलीकडे चिकटवला, असं म्हणून मोकळं होता येत नाही. दोन्ही अर्थ जुनेच. माझा कौल कळांच्या बाजूने आहे, कारण तो झाडाच्या गुणाशी थेट जुळतो. मात्र भांडणाच्या समजुतीनेही एक मोठं काम केलं आहे असं मला मनापासून वाटतं: तिने हे झाड घराबाहेर ठेवलं.

कारण कळलावी विषारी आहे. पान, फूल, बी, कंद, सगळंच. तिच्यात कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. ते पेशींचं विभाजन थांबवतं, म्हणून शरीरात जिथे जिथे पेशी भराभर नव्या होतात तिथे पहिला घाव बसतो. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, मग रक्त तयार करणारी अस्थिमज्जा मंदावते. जी माणसं वाचतात त्यांचे केस पुढच्या दिवसांत गळतात; श्रीलंकेतल्या अशा एका रुग्णाची नोंद १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली होती. कंद रताळ्यासारखा दिसतो, आणि रताळं समजून तो खाल्ल्याने तिथे माणसं दगावली आहेत. हेच कोल्चिसिन अगदी मोजक्या मात्रेत गाऊट या सांधेदुखीवर औषध म्हणून डॉक्टर देतात. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे, आणि उगाळलेल्या कंदात ते किती उतरलं हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून कुणी गरोदर बाईसाठी विचारलं तर मी आवाज चढवून सांगते: नाही, लेपसुद्धा नाही, दवाखान्यात जा.

आता गंमत बघा. ज्या फुलाला घरात घ्यायचं नाही म्हणतात, तेच कोकणात काही ठिकाणी गौरीला लागतं. तिथे त्याचं नाव ‘गौरीचे हात’. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी टांगतात, तिलाही ते बांधतात. फूल नीट पाहिलंत तर हात का म्हणाले ते कळेल. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सगळ्या मागे वळून वर उभ्या राहिलेल्या. कळी हिरवी, फूल उमलताना पिवळं, मग टोकाकडून लाल होत जातं, आणि एकाच वेलावर या सगळ्या अवस्था एकदम दिसतात. तमिळमधल्या प्राचीन संगम काव्यात याच फुलाला कांदळ म्हणतात आणि बायकांच्या बोटांना त्याची उपमा देतात. कोकणातली गौर आणि तिथली नायिका, दोघींचे हात एकाच फुलात दिसावेत याचं मला फार अप्रूप वाटतं. आज ते तामिळनाडूचं राज्यपुष्प आहे, झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूलही.

बाकी नावं पुष्कळ. अग्निशिखा फुलाच्या रंगावरून. लांगली आणि हलिनी कंदावरून, कारण तो नांगरासारखा दुबेळक्यात वाढतो. खड्यानाग, इंदई ही मराठीतलीच. बचनागही म्हणतात, आणि ते मला धोक्याचं वाटतं, कारण हिमालयातलं बचनाग हे वेगळंच झाड आहे आणि तेही जहाल विषारी. विषबाधा झालेल्या माणसाला घेऊन जाल तेव्हा नुसतं नाव सांगू नका, झाडाचा तुकडा सोबत न्या.

राहिला शेवटचा, हल्ली वाढलेला प्रश्न: कुंडीत लावू का? लावा, पण घरात रांगतं मूल किंवा चरणारं जनावर असेल तर नको. आणि रानातून कंद उपटून आणू नका. औषधासाठी खणून खणून ती अनेक ठिकाणी दिसेनाशी होत चालली आहे. तामिळनाडूत शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात. फुलातल्या स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच आडवी वळून परागकोशांपासून लांब जाते, म्हणून तिथे माणसं हाताने एकेका फुलाला पराग लावतात. रोपवाटिकेत विचारा, कंद मिळतो. पावसाआधी कुंडीत लावा, वर चढायला काठी किंवा जाळी द्या. पानाच्या टोकाचाच ताणा होतो आणि तो आधार धरतो. हिवाळ्यात वेल वाळतो, कंद मातीत झोपतो. कुंडीवर नाव लिहून ठेवा. कंद काढलाच, तर हात धुवा आणि स्वयंपाकघरात आणू नका.