बॉनेट आधीच गरम!
आज सेकंडहँड गाडी बघायला गेलो. मालक म्हणाले, "सकाळपासून जागची हलवलेली नाही." सहज बॉनेटवर हात ठेवला, तर चांगलंच तापलेलं! थंड इंजिन सुरू होताना खडखडतं का, धूर किती काढतं, हे मला कळू नये म्हणून आधीच चालवून ठेवली असणार. मीटरवर जेमतेम ३०,००० किलोमीटर आणि ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत, म्हणजे गाडी बरीच जास्त चाललेली आणि मीटर मागे फिरवलेलं असणार. टायरवरचा चार आकडी कोड १४१६, म्हणजे २०१६ चा १४ वा आठवडा. गाडी म्हणे २०२० ची! टायर गाडीपेक्षा चार वर्षांनी थोरले. (बायकोचं एकच, "रंग छान आहे ना?") चॅसी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) कागदांशी जुळवायची वेळच आली नाही. टोकन मागत होते, म्हटलं, कळवतो. रविवारी दुसरी बघायचीय, मेकॅनिकला सोबत घेऊनच.