प्रत्येक ठोका सम

इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या फाटकातून आत शिरताना गळ्यात अडकवता येईल अशी एक छोटी पुस्तिका हाती पडते आणि तिच्यात सगळ्या महोत्सवाचे वेळापत्रक डोळ्यांना ताण देणाऱ्या बारीक अक्षरांत छापलेले असते. २०२४ च्या जूनमध्ये मी, माझा नवरा आणि २१ वर्षांची आमची लेक असे तिघे तंबू ठोकून झाल्यावर गवतावर बसलो आणि एकाच पुस्तिकेत खुणा करू लागलो. लेकीने हिरवे पेन घेतले, शिक्षकाच्या घरात वाढलेल्या नवऱ्याने लाल घेतले आणि मी पेन्सिल घेतली, कारण माझे मत फार वेळा बदलते आणि ते खोडता यावे अशी माझी इच्छा असते. अर्ध्या तासाने पाहिले तेव्हा रविवारच्या पानावर हिरवे, लाल आणि करडे असे तीन रंग होते, पण एका चौकटीत दोन रंग कुठेही आलेले नव्हते. एकवीस वर्षे एका घरात राहून, एका गाडीतून फिरून आणि एकाच स्वयंपाकघरात एकच रेडिओ ऐकून आम्ही तिघे इतके वेगळे झालो आहोत, हे मला त्या पानावरच समजले.

या महोत्सवाची तिकिटे आदल्या नोव्हेंबरात विकली जातात आणि तेव्हा कोण गाणार हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. त्या वर्षी एका तिकिटाला ३५५ पौंड पडले, त्यावर नोंदणीचे ५ पौंड निराळे, आणि सगळी तिकिटे तासाभराच्या आत संपली. पंगतीला बसतानाही पानात काय वाढणार हे ठाऊक नसते, पण पंगतीचे पैसे आधी कोणी घेत नाही, असे नवरा संगणकासमोर बसून म्हणाला होता. तरीही पैसे त्यानेच भरले. लेकीने त्याला सांगितले होते की तिथे शंभराहून अधिक रंगमंच असतात, तेव्हा त्याच्या आवडीचे काहीतरी सापडल्याशिवाय राहणार नाही. सापडण्याची अडचण नव्हतीच. अडचण अशी होती की तिच्या आवडीचे त्याच वेळी दुसरीकडे असायचे, माझ्या आवडीचे तिसरीकडे, आणि या तीन ठिकाणांच्या मध्ये हजार एकरांहून मोठे शेत आणि दोन लाखांवर माणसे असायची.

हे शेत सॉमरसेटमधल्या पिल्टन गावाजवळ आहे आणि एरवी तिथे दुधाचा धंदा चालतो. मायकल ईव्हिस या शेतकऱ्याने १९७० च्या सप्टेंबरात पहिला महोत्सव भरवला तेव्हा तिकीट १ पौंड होते, त्यात शेतावरचे दूध फुकट होते आणि सुमारे दीड हजार माणसे आली होती. पुढे महोत्सव जूनमध्ये, म्हणजे इंग्रजी उन्हाळ्यात, सरकला. १९८१ साली बांधलेला पिरॅमिडच्या आकाराचा रंगमंच उन्हाळ्यात गाण्यासाठी आणि हिवाळ्यात गुरांसाठी वापरला जाई, आणि १९९४ साली जळून जाईपर्यंत त्याने ही दोन्ही कामे केली. नवऱ्याला या साऱ्या प्रकरणातली ही एकच गोष्ट मनापासून आवडली. संगीताची जागा वर्षभर रिकामी ठेवण्यापेक्षा तिथे गाई बांधाव्यात, यात त्याला एक प्रकारची पुणेरी काटकसर दिसली असावी.

तो पुण्याचा आहे, आणि पुण्याच्या माणसाला संगीत महोत्सव म्हटले की एकच आठवतो. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात तो लहानपणापासून वडिलांबरोबर जात असे. तो सांगतो त्या रात्री रमणबागेतल्या आहेत. सतरंजी, थर्मास आणि कानटोपी घेऊन बसायचे आणि उजाडेपर्यंत ऐकायचे. तिथे रंगमंच एकच असतो. समोर जो बसेल तो आपला, मग तो आवडो वा न आवडो. एखाद्याचे गाणे जमत नसेल तर माणसे हळूच उठून चहाच्या ठेल्याकडे जातात, आणि त्या ठेल्यावरच्या गर्दीवरून मंचावर काय चालले असेल याचा अंदाज बाहेर उभ्या असलेल्या माणसालाही करता येतो. पण ती माणसे परत येतात, कारण जायला दुसरी जागाच नसते. त्यामुळे न आवडणारे घराणे, न आवडणारे वाद्य, न आवडणारी ठुमरी हे सगळे थोडे थोडे कानांवर पडत राहते, आणि दहा वर्षांनी त्यातलेच काही आवडू लागते. मला धृपद असेच आवडू लागले, नाइलाजाने. ग्लास्टनबरीत नाइलाज हा प्रकारच नाही. न आवडले तर चालू लागायचे, दहा मिनिटांवर दुसरे काहीतरी सुरूच असते.

मात्र आम्हा तिघांत खरा फरक काय ऐकावे याचा नव्हता, कसे ऐकावे याचा होता, आणि तो शनिवारी रात्री उघडा पडला. त्या रात्री मुख्य मंचावर, म्हणजे जुना जळाल्यानंतर उभारलेल्या पिरॅमिड मंचावर, कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड होता. महोत्सवाच्या मुख्य कार्यक्रमाचा मान या बँडला पाचव्यांदा मिळत होता आणि एवढ्या वेळा तो दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही. सगळ्यांच्या मनगटांवर उजळणारी कडी होती, ती गाण्याबरोबर रंग बदलत होती, आणि नजर पोहोचेल तिथपर्यंतची माणसे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकत्र गात होती. लेकीला याचा विलक्षण आनंद होता. तिचा एक हात शेजारच्या अनोळखी मुलीच्या खांद्यावर होता आणि दोघी एकमेकींकडे पाहून गात होत्या. नवरा मात्र अस्वस्थ होता.

"आपण गाणं ऐकायला आलोय की म्हणायला?" त्याने मला विचारले.

"बाबा, घरी ऐकता येतंच की. इथे म्हणायला यायचं," लेकीने मागे न वळता उत्तर दिले.

त्याच्या दृष्टीने गायक गात असताना श्रोत्याने तोंड उघडावे ते "वाः" म्हणण्यापुरते. तिच्या दृष्टीने गायकाने ओळ सुरू करून द्यायची आणि माईक गर्दीकडे वळवायचा, बाकीचे काम गर्दी करते. दोघांचेही मला पटत होते आणि म्हणून दोघांनाही माझा राग येत होता. १९६९ साली अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवात पावसात सतार वाजवलेल्या रविशंकरांना चिखलातले श्रोते पाहून पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या होत्या, ही गोष्ट नवऱ्याने त्या तीन दिवसांत किमान चार वेळा सांगितली. चिखल त्या वर्षी नव्हता. ऊन कडक होते आणि धूळ उडत होती, त्यामुळे त्या उपमेला शेतात आधार मिळत नव्हता. तरी त्याने ती सोडली नाही.

या शेतावर अशी भांडणे आमच्या घराआधीही झालेली आहेत, आणि पुष्कळ मोठ्याने झालेली आहेत. २००८ साली जे-झी या रॅप गायकाला मुख्य कार्यक्रमाचा मान मिळाला, तेव्हा ओअॅसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या नोएल गॅलाघरने गिटारच्या या महोत्सवात हिप-हॉपला जागा नाही, असे जाहीरपणे म्हटले होते. जे-झीने त्याला भाषणातून उत्तर दिले नाही. तो गळ्यात गिटार अडकवून मंचावर आला आणि त्याने ओअॅसिसचेच सर्वांत प्रसिद्ध गाणे म्हणायला घेतले. बेसूर म्हटले, पण ते सुरात म्हणण्यासाठी घेतलेलेच नव्हते. २०१५ साली कान्ये वेस्ट या रॅप गायकाचे नाव जाहीर झाल्यावर ते रद्द करावे अशा अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या होत्या. शंभर रंगमंच असताना एका मंचावरच्या एका माणसासाठी लाख लोकांनी सह्या कराव्यात, याचे मला आधी नवल वाटे. आता वाटत नाही. बाकीच्या नव्व्याण्णव ठिकाणी काय चालले आहे याच्याशी कोणाचे देणेघेणे नसते, पण मधल्या मोठ्या मंचावर कोण उभे राहते यावरून हा महोत्सव कोणाचा आहे हे ठरते, असे प्रत्येकाला वाटते. आमच्या घरात दिवाणखान्यातल्या स्पीकरवर काय वाजावे यावरून जो वाद होतो, तो कानांत घालायच्या हेडफोनवरून कधीच होत नाही.

शनिवारी मध्यरात्रीनंतर लेक आम्हाला शांग्री-ला नावाच्या भागात घेऊन गेली. त्या वर्षी तिथे 'अरायव्हल्स' नावाची दक्षिण आशियाई संगीताची स्वतंत्र जागा महोत्सवात पहिल्यांदाच उघडली होती. गर्दी तरुण होती आणि रंगही ओळखीचे होते. मंचावरचा मुलगा तबल्याचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून त्याच्याखाली छातीत घुमणारा ठोका सोडत होता. नवरा तबला ऐकून थांबला. त्याने डोळे मिटले, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला, आणि मी म्हटले, चला, एकाच चौकटीत दोन रंग आले. पण दोन-तीन मिनिटांनी त्याने डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा पाकीट हरवलेल्या माणसासारखा झाला होता.

"तीनताल आहे गं, पण सम कुठे आहे?" त्याने विचारले. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, आणि तीनतालात ती सोळा मात्रांनी परत येते.

"बाबा, इथे प्रत्येक ठोका सम असतो," लेक ओरडून म्हणाली, कारण त्या आवाजात ओरडल्याशिवाय काही ऐकू जात नव्हते.

तो यावर बराच वेळ काही बोलला नाही. तंबूकडे परतताना, अंधारात दोऱ्यांना अडखळत, त्याने मला सांगितले की तिचे म्हणणे चुकीचे आहे, पण त्यात काहीतरी आहे. सोळा मात्रा वाट पाहून मिळणारी गोष्ट ही मुले दर मात्रेला मिळवतात, मग त्यांना वाट पाहण्याचे सुख कुठून मिळणार, हा त्याचा प्रश्न होता. मला वाटले की सुख तेच असेल, फक्त त्याचे सुटे पैसे केलेले असतील. पण रात्रीचे अडीच वाजले होते आणि माझे पाय दुखत होते, म्हणून मी हे बोलले नाही.

पुस्तिकेत कोणीच खूण न केलेली एक गोष्ट आम्ही तिघांनी एकत्र अनुभवली होती, आणि ती शुक्रवारीच होऊन गेली होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास मरीना अब्रामोविच ही सर्बियन कलावंत पांढऱ्या पोशाखात पिरॅमिड मंचावर आली आणि तिने सगळ्या गर्दीला सात मिनिटे गप्प राहायला सांगितले. शेजारच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवा, डोळे मिटा, बोलू नका, एवढेच. पुढच्या कार्यक्रमासाठी जागा धरायला म्हणून आम्ही तिथे योगायोगाने उभे होतो. हजारो माणसे खरोखर गप्प झाली. दूरच्या कुठल्याशा मंचावरचा ढोल जमिनीतून पावलांना जाणवत होता आणि मागे कोणाच्या तरी कडेवरचे मूल एकाच सुरात कुरकुरत होते. सात मिनिटांनी टाळ्या झाल्या तेव्हा नवऱ्याने सांगितले की तानपुरे लागल्यावर गायक पहिला षड्ज लावण्याआधी जी शांतता असते, ती त्याला आठवली. लेक म्हणाली की इतक्या लोकांबरोबर गप्प राहणे म्हणजे इतक्या लोकांबरोबर गाण्यासारखेच वाटले. म्हणजे गाणे नसतानाही मतभेद कायम होता, आणि मला त्या क्षणी दोघांचे फार हसू आले.

रविवारी रात्री आम्ही तिघे तीन दिशांना गेलो. लेकीला पिरॅमिड मंचावर सिझा ही अमेरिकन गायिका ऐकायची होती. मी अदर स्टेज नावाच्या दुसऱ्या मोठ्या मंचावर द नॅशनल हा अमेरिकन बँड ऐकायला गेले, कारण मी भावगीतांवर वाढलेली बाई आहे आणि मला शब्द कळले पाहिजेत. खोल, दमलेल्या आवाजात चाळिशी ओलांडलेल्या माणसांची दुःखे सांगणारे हे लोक मला त्या शेतातले माझ्या सर्वांत जवळचे वाटले. नवरा घडीची खुर्ची काखेत मारून ॲकॉस्टिक स्टेजच्या तंबूकडे गेला. मोबाइलचा भरवसा नव्हता, म्हणून साडेअकराला पाण्याच्या एका नळापाशी भेटायचे असे ठरले होते.

लेक सर्वांत शेवटी आली. तिचा आवाज पूर्ण बसला होता आणि डोळे रडल्यासारखे लाल होते. सिझाच्या वेळी मैदान बरेच मोकळे होते आणि आवाजाची यंत्रणाही नीट लागलेली नव्हती, असे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आले. मी तिला ते वाचून दाखवले तेव्हा तिला ते खरेच वाटेना. "मी पुढे होते. माझ्या भोवती सगळ्यांना सगळे शब्द पाठ होते," ती कुजबुजली. मैदान मागून किती रिकामे दिसते हे मागे उभ्या असलेल्या माणसालाच कळते, आणि तिने रात्रभर एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. नवऱ्याने मात्र आपण काय ऐकले ते सांगितलेच नाही. "एक बाई होती, एक गिटार होती, आणि तंबूत कोणी गात नव्हतं," एवढेच तो म्हणाला आणि खुर्ची उघडून नळाशेजारीच बसला. तो समाधानी होता हे मला त्याच्या बसण्यावरून कळले.

सोमवारी शेतातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग तासभर जागची हलली नाही. रेडिओ लावावा असे कोणी सुचवलेही नाही. लेक मागच्या आसनावर आडवी झाली होती, झोपली असावी असे वाटत असतानाच तिने बसलेल्या आवाजात विचारले, "बाबा, डिसेंबरमध्ये मी सवाईला आले तर मध्येच उठून गेलेलं चालतं का?"

नवऱ्याने आरशातून तिच्याकडे पाहिले आणि थोडा विचार केला.

"चालतं," तो म्हणाला. "पण चहा प्यायला निघालोय असं दाखवायचं. आणि राग संपल्याशिवाय उठायचं नाही."

"आणि राग किती वेळ चालतो?"

पुढची गाडी सरकली, म्हणून त्याने गिअर टाकला आणि उत्तर द्यायचे टाळले.