नौशेरा ते राजौरी

रस्ता मोकळा करणं म्हणजे काय, हे मला माझ्या कामामुळे ठाऊक आहे. घाटात झाड आडवं पडलं किंवा मोरी वाहून गेली की आम्ही माणसं, मशीन, दिवे सगळं घेऊन जातो, तरी गाड्या जाण्यापुरता वळणरस्ता करायला दिवस मोडतो. आणि आमच्यावर कुणी गोळ्या झाडत नसतं. म्हणून सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र वाचताना मी वाक्यावाक्याला थांबतो.

एप्रिल १९४८. काश्मीरवरून पाकिस्तानशी पहिलं युद्ध चालू होतं. जम्मू भागातली राजौरी नोव्हेंबर १९४७ पासून पाकिस्तानकडच्या हल्लेखोरांच्या ताब्यात होती आणि तिथल्या माणसांचे फार हाल चालले होते. नौशेराहून रणगाडे तिकडे न्यायचे होते. रस्ता डोंगराच्या कडेकडेने नागमोडी जाणारा. शत्रूने त्यावर पाइनची झाडं पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, सुरुंग पेरलेले, वर मशीनगनी रोखलेल्या. हे सगळं काढत पुढे जायचं काम बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करातल्या इंजिनिअरांच्या, ३७ असॉल्ट फील्ड कंपनीतल्या राणे यांच्या तुकडीचं.

८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच मॉर्टरचे गोळे येऊन पडले. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. जखमींत राणेही होते. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि कामाला हात घातला. संध्याकाळी बरवाली टेकडी हाती आली, पण आसपास शत्रू होताच. तरी रात्री दहापर्यंत, समोरून दिसतोय हे माहीत असताना, ते वळणरस्ता करत राहिले.

९ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला रणगाडे पुढे सरकले. अर्ध्या मैलावर आडवी झाडं, ती उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी, आणि कामाला लागण्याआधीच वरून गोळीबार. तरी वळण काढलं. सव्वासहाला, उजेड जात असताना, पाच मोठी झाडं आणि भोवती सुरुंग. राणे ते काढायला बसले, पण ताफ्याच्या प्रमुखाने रात्रीपुरतं थांबायचं ठरवलं.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा त्याच झाडांपाशी होते. साडेसहाला अडथळा दूर झाला.

या वाटेवर एका ठिकाणी राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्या आडोशाने सरपटत सुरुंग काढत गेले. चालकाला आवाज पोचणार नाही म्हणून दोन दोऱ्या ठेवल्या होत्या, एक चालण्याच्या इशाऱ्याची, एक थांबण्याच्या. चालत्या यंत्राखाली माणूस ही कल्पनासुद्धा आमच्या कामात सहन होत नाही. आणि तिथे हात थरथरून चालत नाही. जखमी अंगाने, रात्रीची धड झोप नसताना, एकामागून एक सुरुंग. तिरीमिरीत एकदा धाडस करणं मी समजू शकतो. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, कालची भीती पुरती ठाऊक असताना, तिथेच परत जाणं मला त्याहून कितीतरी मोठं वाटतं.

११ तारखेला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंत रस्ता खुला झाला, आणि राणे त्यापुढेही रात्री दहापर्यंत काम करत होते. १२ एप्रिलला राजौरी परत मिळाली. राणे जगले, मेजर झाले, १९९४ मध्ये पुण्यात वारले.

८ तारखेला गेलेल्या त्या दोन जवानांना मात्र कामाला सुरुवातही करता आली नाही. सुरुंग काढायला उभे असतानाच ते गेले. असं मरण पराक्रमाच्या गोष्टीत एका ओळीत उरकलं जातं, याचं मला वाईट वाटतं. समोर काय आहे ते माहीत असूनच ते दोघं तिथे आले होते. राणे यांच्याबद्दल कुणाला सांगायला बसलो की मी त्या दोघांपासून सुरुवात करतो.