क्वारंटाइन टाकीची वही: फ्लूक, अंडी आणि नायलॉनची जाळी

पावडर ब्लू टँग हा माझा समुद्री मासा अजून क्वारंटाइनमध्येच, म्हणजे वेगळ्या टाकीतच आहे. नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) क्लिपला लावायचा अवकाश, त्यावर तुटून पडतो. पण पीव्हीसी पाइपला अंग घासत होता, शिवाय एक डोळा धुरकट. म्हणून तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवला. अंगावरचे फ्लूक, म्हणजे एरवी आरपार दिसणारे चपटे परजीवी किडे, पांढरे पडून तिळासारखे तळाशी जमले.

मायक्रोस्कोपखाली मागची मोठी चकती, तिच्यावरचे आकडे, पुढच्या दोन छोट्या चकत्या हे सगळं दिसलं. निओबेनेडेनिया जातीचा फ्लूक असावा. (त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या बेनेडेनियाला योनी असते, याला नसते, पण माझ्या लेन्सच्या भरवशावर छातीठोक सांगणार नाही.)

प्राझिक्वांटेल या कृमिनाशक औषधाचा पहिला डोस दिला. तो अंगावरच्या किड्यांना मारतो, अंड्यांना नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. या किड्याला मधला यजमान, म्हणजे वाढीसाठी माशाखेरीज दुसरा प्राणी, लागत नाही. एकटा उरला तरी स्वफलन करून अंडी घालतो. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दाखवून दिलंय. त्यामुळे ‘एखाददुसरा राहिला तर काय बिघडतं’ हे गणित इथे चालत नाही.

अंडी चौफलकी, प्रत्येकाला लांब धागा. हा धागा जाळीत, स्पंजात, कुठेही गुंततो. म्हणून टाकीत नायलॉनच्या जाळीची पट्टी टांगली आणि रोज तिचा तुकडा कापून बघतोय. सुरुवातीला नुसता पिवळट गर होता. मग आत डोळ्यांचे काळे ठिपके उमटले. सुमारे २६ अंशांना पाचव्या-सहाव्या दिवशी अंडी फुटू लागतात, पाणी गार असेल तर उशिरा. बहुतेक अळ्या उजेड झाल्यावर पहिल्या काही तासांत बाहेर पडतात. दिवा लावून लगेच पट्टी काचेवर घेतली तेव्हा एक अळी अंड्याचं टोपण उघडताना सापडली! अळीच्या अंगावर केस, पोहणं गिरक्या घेत. मासा मिळाला नाही तर एक-दोन दिवसांत संपते.

दुसरा डोस कॅलेंडर बघून देणार नाही. पट्टीवर रिकामी टरफलंच उरली की, पण नवे किडे अंडी घालू लागायच्या आत, तो द्यायचा. ही फट अरुंद आहे. बायोफिल्टर (पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंचा फिल्टर) मुरलेला असेल तर त्यातले जिवाणू औषध खातात, तेही लक्षात घ्यावं लागतं.

सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) खूप उतरवली तर अंडी फुटण्याचं प्रमाण पडतं. टँगवर हे कुणी केलं असेल, तर पीएच कसा सांभाळलात ते जरूर लिहा.